आधी क्षेम

काकूंचा फोन आला तेव्हा मी डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंग शोधत चकरा मारत होते. स्क्रीनवर ‘काका घर’ दिसलं, म्हणून स्पीकरवर घेतला. काकूंनी कशी आहेस विचारलं, जेवलीस का विचारलं, शिकागोत बर्फ किती पडला तेही विचारलं. मग म्हणाल्या, गाडी आधी बाजूला घे. मी घेतली... आणि काका गेल्याचं त्यांनी सांगितलं. वाईट बातमीसुद्धा अशी हळूहळू सांगायची त्या घरात रीत होती, आणि ती काकांनी पाडलेली होती. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

श्रीधरकाका माझे नात्याचे कुणी नव्हेत. मी पुण्याहून अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला गेले तेव्हा त्यांच्या बेसमेंटमधली खोली मला भाड्याने मिळाली, एवढीच सुरुवात. काका मूळचे नागपूरचे, तिथल्या विद्यापीठात भूजलशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी दर सुट्टीत ते आफ्रिकेतल्या माली देशाच्या उत्तरेकडच्या वाळवंटात विहिरी खणायला जायचे. तिथल्या तुआरेग लोकांची भाषा शिकले, डोक्याला त्यांच्यासारखं फडकं गुंडाळायला शिकले आणि प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर, ओल्या सिमेंटमध्ये, ॲन आर्बरच्या घराचा फोन नंबर कोरून आले. पंप बिघडला तर कळवा म्हणून! त्या वाळवंटात लोक फोन करणार कुठून, हा विचार या विद्वानाला शिवला नव्हता. काकू त्यावरून त्यांना जन्मभर चिडवत राहिल्या. पण पुढे तिकडे सॅटेलाइट फोन पोचले आणि खरोखरच फोन येऊ लागले. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा लँडलाइन त्यांनी कधी काढू दिला नाही. त्याच्याखाली एक लाकडी स्टूल असायचं, फक्त काकांचं.

मी तिथे असतानाच्या दुसऱ्या हिवाळ्यात वेगळाच फोन आला. तुआरेग बंडखोरांनी सरकारी सैन्यातले अकरा जवान पकडून ठेवले होते. मध्यस्थी करणाऱ्या एका संस्थेची माणसं बोलून बोलून थकली होती. बंडखोरांच्या म्होरक्याचा चुलता मूसा म्हणजे काकांचा पहिल्या विहिरीपासूनचा सोबती. तो म्हणाला होता, बोलेन तर विहीरवाल्याशीच बोलेन.

मग रोज दुपारी जेवणं झाली की काका स्टुलावर बसत. पहिली वीस मिनिटं त्यांच्या भाषेत नुसती विचारपूस चाले; अर्थ काका मला नंतर सांगत. थकवा कसा आहे, थंडी कशी आहे, उंट कसे आहेत, शेळ्या कशा आहेत, घरची माणसं कशी आहेत... आणि दोन्हीकडून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. क्षेम, फक्त क्षेम. मी पडले पुण्याची. आमच्याकडे मुद्द्याचं बोलून फोन ठेवणं हाच शिष्टाचार. अकरा माणसांचा जीव टांगणीला लागलाय आणि हे दोघे शेळ्यांची चौकशी करताहेत, हे मला बघवेना. एकदा तसं बोलूनही दाखवलं.

काका हसले. म्हणाले, “अगं, आपली जुनी पोस्टकार्डं आठव. वर ‘इकडील सर्व क्षेम’ आणि चार ओळी खाली आजी गेल्याची बातमी. ते खोटं नसायचं. आधी एकमेकांपाशी नीट बसायचं, मग काय ते सांगायचं, एवढंच.”

पटलं नाही मला. पकडलेल्यांपैकी एकाच्या पायाला गोळी लागली होती आणि जखम चिघळत चालली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. एका दुपारी काका डॉक्टरकडे गेलेले असताना फोन वाजला. मूसाला फ्रेंच येत होतं, मला कॉलेजातलं येत होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी नमस्कार केला आणि थेट विचारलं, तो जखमी माणूस कधी सोडताय? पलीकडे थोडा वेळ वाऱ्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

काका आल्यावर मी सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बूट काढले, स्टुलावर बसले आणि नंबर फिरवला. कुणी उचलला नाही. नऊ दिवस उचलला नाही. दहाव्या दिवशी मूसा आला फोनवर, तेव्हा काकांनी पाऊण तास बहुधा एकेका शेळीची चौकशी केली आणि जवानांचा विषयच काढला नाही. शेवटी एवढंच म्हणाले, की घरच्या मुलीला मी वागायला शिकवलं नाही, चूक माझी आहे. आणखी तीन दिवसांनी मूसानेच विषय काढला. पुढच्या पंधरवड्यात अकराही जण काकांच्या एका विहिरीपाशी आणून सोडले. जखमी जवानाचा पाय मात्र गुडघ्याखालून कापावा लागला.

ते कळलं त्या दिवशी मी बेसमेंटमधून वर आले नाही. काकाच खाली आले, पायरीवर टेकले. मी विचारलं, “काका, ते नऊ दिवस...?”

“पाय आधीच गेला होता,” ते म्हणाले. “तुझं क्षेम आहे. चल, जेवायला चल.”

हे खरं होतं की नुसतं पोस्टकार्डाच्या वरची ओळ होती, मला आजही माहीत नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. या माणसाने माझी चूक एकदा मूसापुढे स्वतःवर घेतली आणि एकदा त्या पायरीवर बसून माझ्यावरून उतरवली, एवढं मात्र मला नक्की कळतं.

मागच्या आठवड्यात काकूंना आवराआवरीत मदत करायला ॲन आर्बरला गेले. फ्रीमाँटहून त्यांच्या मुलाने बजावलं होतं, “आई, लँडलाइन जस्ट कॅन्सल कर, नोबडी कॉल्स.” आम्ही काकांचे कोट घड्या करून खोक्यात भरत होतो, आणि फोन वाजला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर बसले, मग उचलला.

मूसा होता. मला ओळखलं त्याने. थकवा कसा आहे, त्याने विचारलं. क्षेम. मी त्याच्या शेळ्या विचारल्या, उंट विचारले, नातवंडं विचारली. क्षेम, फक्त क्षेम. थंडी? क्षेम. घरातली बाई? क्षेम.

“आणि विहीरवाला?”

“क्षेम,” मी म्हटलं. आणि मग सांगितलं.

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, त्या दिवसासारखा फोन बंद होणार. पण म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली... पोरी, तुझा थकवा कसा आहे? तुझी थंडी कशी आहे? काकू कोट हातात धरून शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि मी काकांच्या स्टुलावर बसून एकेका प्रश्नाला उत्तर देत राहिले.