टाकीवरून दिसलेलं गाव

आमच्या गावात पाण्याची नवी टाकी झाली, तेव्हा तिच्यावर चढून सगळ्या गावाचा एकच लांबलचक फोटो करायचा, ही कल्पना माझ्या मित्राची. मंगरूळपीरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, राहायला मात्र तो गावातच. मी वाशीमला शाळेत शिकवतो, पण रविवारी गावी असतोच. तो पाटलांच्या घरचा, मी बौद्धवस्तीतला. पहिलीपासून एका बाकावर बसलो. माझ्या मायच्या हातची भाकर त्याने जेवढी खाल्ली, तेवढी माझ्या सख्ख्या भावानेही खाल्ली नसेल.

एका फोटोत गाव मावत नाही. म्हणून एकाच जागी उभं राहून थोडं थोडं वळत फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा आला पाहिजे, आणि मग ते कॉम्प्युटरवर एकमेकांत बसवायचे. टाकीवर वारा होता. कॅमेरा त्याने माझ्या हाती दिला. म्हणाला, "तुह्या हात नाही हालत. तूच काढ. डावीकून सुरू कर."

डावीकडे आमची वस्ती. मी मायला फोन केला, "माय, गच्चीवर ये. तुह्या फोटो काढून राह्यलो."

ती आली, शेजारणींनाही घेऊन आली. पाचसहा गच्च्यांवर बाया उभ्या राहिल्या. माझ्या मायने पदर सारखा केला आणि एवढ्या लांबून हात हलवला. मी तिथून सुरुवात केली. विहार, त्यावरचा झेंडा, मग नाला, मग देवळाचा कळस, पाटलांचं घर, शाळा आणि शेवटी सोयाबीनची वावरं.

पुढच्या रविवारी त्याच्या स्टुडिओत आम्ही जोडलेला फोटो पाहिला. एक कुत्रं दोनदा आलं होतं, कारण मी वळेपर्यंत ते नाल्याच्या पुलावरून पलीकडे गेलं होतं. आम्ही खूप हसलो. त्याने त्यातलं एक पुसलं. कडा वरखाली दातेरी झाल्या होत्या, त्या छाटायच्या राहिल्या होत्या. पण गाव पुरं होतं. माय बोटाच्या नखाएवढी दिसत होती, तरी ओळखू येत होती.

ग्रामपंचायतीने नव्या इमारतीच्या सभागृहासाठी तो मागितला. उद्घाटनाला मी मायला घेऊन गेलो. ती चांगलं लुगडं नेसली होती. बाकीच्या बायाही आल्या होत्या. फोटो भिंतीवर आडवा लावला होता, काचेत. माय डाव्या टोकाशी गेली आणि काचेवर बोट फिरवू लागली.

"येथं तर देऊळ हाय," ती म्हणाली. "आपलं घर कोठी हाय?"

मी पाहिलं. फोटो देवळापासून सुरू होत होता. नाल्याचा काठही नव्हता. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "चाल बाई, आपन नाही आलो त्याच्यात." माय तरी बोट फिरवतच राहिली, पार सोयाबीनपर्यंत.

मित्र बाहेर चहाजवळ उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"वस्ती कुठं गेली?"

"गड्या, भिंत आखूड पडली."

भिंत मी नुकतीच पाहिली होती. फोटोच्या डाव्या अंगाला हातभर कोरी जागा होती.

"खरं सांग."

त्याने कप खाली ठेवला. "पंचायतवाले म्हनले, देवळापासून सुरू होऊ द्या. शुभ दिसते."

"अन् तू कापलं."

"म्या काय करू? मले याच गावात राहाचं हाय."

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू नाही म्हनला असता."

एवढंच बोलणं झालं. म्हणणाऱ्यांचा मला फारसा धक्का बसला नाही, त्यांना मी लहानपणापासून ओळखतो. पण कापताना स्क्रीनवर माझी माय दिसत होती. जो तिच्या चुलीपाशी जेवला, त्याने तिला पाहून, ओळखून, तिच्या उजवीकडे रेघ ओढली. ही गोष्ट मला अजून गिळता आलेली नाही.

मूळ फोटो मी मागितले. त्याने काही न विचारता पेनड्राइव्ह दिला. जोडणं मी स्वतः शिकलो. पहिल्यांदा शाळा वाकडी झाली, दुसऱ्यांदा आकाशात पट्टे आले. पुष्कळ रविवार गेले. शेवटी गाव पुरं बसलं. मोठा प्रिंट काढला आणि विहारात लावला. पाटलांचं घर त्यात जसंच्या तसं आहे. एकदा त्या घरावर कर्सर नेऊन मी बराच वेळ थांबलो होतो, पण मग पुढे गेलो.

आता बाया पाहुण्यांना विहारात नेऊन आपापली गच्ची दाखवतात. मायही दाखवते. पंचायतीच्या फोटोत आपण का नाही, हे तिने कधी विचारलं नाही. पंचायतवाल्यांनीच कापलं असेल, असं तिने धरलं आहे. मीही खुलासा केला नाही.

परवा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुह्या तो दोस्त लय दिवसाचा आला नाही. जेवाले घेऊन ये त्याले."

"कामात असते तो," मी म्हणालो.