ताफा म्हणजे किती जहाजं?

"तुमच्या पेपरात अजून नाही आलं ना? मंग खोटं असन?" ताई फोनवर विचारत होती.

मी रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात, डिजिटल डेस्कवर होतो. पेपरच्या मोबाइल अ‍ॅपवर बातम्या टाकतात ते हे डेस्क. माझं वय बघून तिथे सगळे मला काका म्हणतात, बॉससुद्धा. ताई माझी मोठी बहीण, इथेच महाल भागात राहते. तिचा मुलगा निखिल मर्चंट नेव्हीत, म्हणजे मालवाहू जहाजांवर, इंजिनीअर आहे. त्याच्या कंपनीच्या जहाजांवर हल्ला झाल्याचं तिनं कुठल्याशा चॅनलवर पाहिलं होतं.

"ताई, आमचा अ‍ॅप वाजत नाही तोवर कशावर विश्वास ठेवू नको," मी रुबाबात सांगितलं.

तेवढ्यात तिच्या बाजूनं टिंग झालं.

"वाजला गा," ताई म्हणाली.

मी स्क्रीनकडे पाहिलं. मी फोनवर असताना आमच्या बॉसनं, शंतनूनं, अलर्ट सोडला होता. निखिलच्या कंपनीचं नाव आणि पुढे 'ताफ्याशी संपर्क तुटला'. फोन तसाच हातात धरून मी त्याच्या टेबलाशी गेलो.

"एजन्सीचा मजकूर दाखव."

वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात शब्द होता कॉन्व्हॉय.

"कॉन्व्हॉय म्हणजे ताफाच ना, काका? मंत्र्यांच्या गाड्यांचा लिहितो की आपण."

"आणि फ्लीटला काय लिहितो?"

"ताफाच."

"मग?"

"मग काय? अलर्टमध्ये शब्द मावला पाहिजे. आरमार लिहू का?"

"आरमार लढाईचं असतं. ही पोरं गहू अन् कोळसा वाहतात."

समुद्राचा माझा अनुभव अंबाझरी तलावातल्या पायडल बोटीपुरता, आणि त्यातही मला ओकारी झालेली. तरी हा फरक मला ठाऊक होता. ट्रॅव्हल्सवाल्याची एक गाडी पुण्यात, एक हैदराबादेत, एक गॅरेजात. त्याच्या मालकीच्या सगळ्या मिळून फ्लीट. त्यातल्या चार गाड्या वऱ्हाड घेऊन एकामागून एक चंद्रपूरला निघाल्या, तर तो कॉन्व्हॉय. समुद्रात धोका असला की जहाजं अशी एकत्र निघतात, सोबत राखणीला युद्धनौका असते. संपर्क तुटला होता तो अशा एकत्र निघालेल्या चार जहाजांशी. वाचणाऱ्याला मात्र वाटणार, कंपनीची झाडून सगळी गेली.

एजन्सीनं चारही जहाजांची नावं दिली होती.

"ताई, निखिलच्या जहाजाचं नाव काय?"

"मले काय ठाऊक? दरवेळी जहाज बदलते त्याचं. कंपनीचं नाव सांगू का? कॅलेंडर लावून आहे स्वयंपाकघरात."

म्हणजे ताईला फ्लीट माहीत होता, जहाज नव्हतं. आणि तिचा अख्खा फ्लीट आम्ही एका टिंगमध्ये गायब केला होता.

"शेवटचं कधी बोलला? काय म्हणाला?"

"परवा. मागं इतकी ठोकाठोकी चालू होती, धड ऐकूच ये ना. म्हणे जहाज पाण्याबाहेर काढून ठेवलं, रंग देऊन राहिले. मले वाटलं, थट्टा करून राहिला."

मी शंतनूसमोरच्या खुर्चीत बसलो. दुरुस्तीसाठी जहाज गोदीत नेतात आणि गोदीतलं पाणी उपसून कोरडं करतात, त्याला ड्राय डॉक म्हणतात. तिथलं जहाज फ्लीटमध्ये असतं, कॉन्व्हॉयमध्ये असूच शकत नाही. हे मी ताईला सांगितलं. ती फक्त "नक्की ना गा?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"पहिला अलर्ट परत घे," मी शंतनूला म्हटलं.

"वाजलेला परत घेता येत नाही, काका. दुसरा टाकू."

दुसरा मी लिहिला. एकत्र निघालेली चार जहाजं, चारही नावं. लांबला म्हणून शंतनू कुरकुरला, पण त्यानं सोडला.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. अंगाला रंगाचा वास येतो म्हणून तक्रार करत होता. त्या चारपैकी तीन जहाजांचा पत्ता पुढे लागला. चौथ्याचं नाव मी अजूनही एजन्सीच्या मजकुरात शोधतो. त्याच्यावरच्या पोरांच्या घरीही कॅलेंडर असेल.

आता आमच्या डेस्कवर 'ताफा' लिहिला की मी विचारतो, किती जहाजं? पोरं वैतागतात.

ताईनं मात्र आमचा अ‍ॅप काढून टाकला. भाऊबीजेला ओवाळताना म्हणाली, "छापलेला पेपर पाठवत जा. तो सकाळी येते. तोवर तुम्हाले खरं काय ते कळलेलं असते."