झाकलेलं गोड

पालीच्या फाट्यावर पेरू, सीताफळं विकण्यात रहेमतबीची हयात गेली. वरून पिवळाधमक आणि आतून सडका पेरू ती नुसत्या वासावर ओळखायची. माणसांनाही ती तसंच हुंगून बघायची. त्यातून सरकारी माणूस दारात आला की तिला हमखास काहीतरी काळंबेरं दिसायचं.

हिवताप विभागाचा अजिनाथ भिंतीवर चपटी काळी पिशवी टांगायला आला, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"काय हाय ह्याच्यात?"

"साखरेचा पाक अन् जहर, खाला. फवारणीला डास आता दादच देत न्हाईत. दिवस मावळला की ते गोडावर येतात. ह्याला तोंड लावलं की खलास. मानसाला काई भ्या न्हाई."

"म्हंजी फुकट जहर वाटायलास तू!"

पण लेक शाहीन बाळंतपणाला आलेली होती. मागच्या खेपेला हिवतापानेच तिचं पोट पडलं होतं. म्हणून रहेमतबीने पिशवी टांगू दिली, पण विश्वास काही टाकला नाही. येता-जाता ती पिशवीकडे तिरपी नजर टाकायची. दिवस मावळताना मगरिबची अजान झाली की खाण्यापिण्याचं काही उघडं ठेवायचं नाही, ही तिच्या आईची शिस्त. पाण्याचा घडा, दूध, फळांच्या पाट्या, सगळं ती झाकायची. जहरी असलं तरी गोडच ते! पिशवीवरही ती जुनी ओढणी टाकायची आणि सकाळी काढायची.

दिवाळीनंतर शाहीन थंडीने कुडकुडू लागली. तपासणीत हिवतापच निघाला. रहेमतबीचं डोकं फिरलं. तिने अजिनाथला रस्त्यातच गाठून घरी आणलं.

"जहर बाहेर इकलं अन् आमाला नुसतं गूळपानी टांगलं! शेजारी तुळजाबाईकडं चांगलं, मग माझ्याच भिंतीवर कावून खोटं?"

अजिनाथने पिशवी उतरवून उजेडात धरली. "डासानं टोचल्याचं एकबी भोक न्हाई, खाला. डास हितं आलाच न्हाई." मग त्याला खुंटीवरची ओढणी दिसली. "ही कशाला हाय?"

"मगरिबला झाकते... डास येतात तवाच!" साऱ्या जगाचा संशय घेतला बाईने, एक स्वतःचा हात सोडून!

शाहीन दवाखान्यातून परतली. ताप उतरला होता, बाळ पोटात हलत होतं. संध्याकाळी अजान झाली. रहेमतबीने घडा झाकला, दूध झाकलं.

"अम्मी, पिशवी झाकायची राहिली," शाहीन म्हणाली.

"राहू दे बेटा," रहेमतबी म्हणाली आणि लेकीच्या पोटावर हात ठेवून हमसून रडली.