उन्नतीनं गाळलं नाही

प्रेमानंदची लेक चिनी बोलते हे नागपुरात, सक्करदऱ्यात कोणाला ठाऊक नाही असं नाही. प्रेमानंदनं तसं कोणाला ठेवलंच नाही. त्याचा स्वतःचा जन्म गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात तागे उलगडण्यात आणि गुंडाळण्यात गेला. उन्नती मात्र बुटीबोरीच्या कारखान्यात चिनी इंजिनिअरांची दुभाषी. मग माणूस मिरवणार नाही तर काय करणार!

पण आता कारखान्याला मशिनी पुरवणारी चिनी कंपनी तिला दोन वर्षांसाठी चीनला बोलावत होती, आणि प्रेमानंद अडून बसला होता. विहारात तृष्णेवर बोलायला हाच उभा राहायचा, घरी लेकीलाही तेच ऐकवायचा. "किती पाह्यजे वं तुले? इथं काय कमी हाय?"

रविवारी उन्नतीनं दोन इंजिनिअरांना जेवायला आणलं, म्हातारे शेन आणि तरुण लिऊ. तिच्या आईच्या, मायाच्या, बेसनवड्यांच्या तिखटजाळ पाटोडी रश्श्यानं दोघांची नाकं वाहू लागली, तरी वाट्या पुढं येतच होत्या. ते पाहून प्रेमानंदला चेव आला. "विचार यायले, तुमचा कन्फ्युशियस इच्छेबद्दल काय म्हणे?"

शेन हसले. पैसा, मान कोणाला नको असतो, त्यात पाप नाही. पण वाकड्या मार्गानं आला तर शिवू नये, असं ते म्हणाल्याचं उन्नतीनं सांगितलं. लिऊला ते पटेना. आमच्याकडं आता मार्ग कोण बघतो, तो म्हणाला, घर, गाडी, बढती, सगळं हवं आणि आजच हवं. धावून धावून त्याचे काही दोस्त तर इतके थकले, की आता काहीच नको म्हणून लोळत पडतात.

"पाहा! हेच तं मी म्हणून राहिलो," प्रेमानंद म्हणाला आणि मुद्द्यावर आला. "आता हे विचार, एकुलत्या पोरीनं आईबापाले सोडून लांब जावं का?"

शेन थोडकंच बोलले. उन्नतीचा चेहरा उतरला. दोन्ही भाषा कळणारं तिथं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. काहीही सांगून ती मोकळी झाली असती.

"ते म्हणतात," ती हळू बोलली, "आईबाप हायत तोवर लेकरानं लांब जाऊ नये, असंच कन्फ्युशियसनं शिकवलं."

प्रेमानंद जिंकला होता, पण हातातला घास त्यानं परत ताटात ठेवला. शेननी पाणी पिऊन आणखी काही सांगितलं.

"अन् जायचंच झालं," उन्नती म्हणाली, "तर कुठं, कशाले, ते पक्कं ठरवून जावं."

"हे त्याइनंच म्हटलं, का तू पदरचं घातलं?"

विचारलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. स्वतःच्या मुळावर येणारं वाक्य जिनं गाळलं नाही, ती पदरचं कशाला घालेल? आपल्या इच्छेला असा लगाम घालणं त्याला इतकी वर्षं विहारात बोलूनही जमलं नव्हतं. घरात तृष्णा होती खरी, लेक डोळ्यांपुढून हलू नये ही. आणि ती त्याची होती.

"सांग यायले," त्यानं आवाज शेजारी पोचेल असा चढवला, "माही पोरगी येऊन राहिली म्हणा. अन् तिच्या तोंडून जे निघन, ते खरंच असन."

हे चिनीत सांगताना मात्र दुभाषी अडखळली.