किसनरावांना तंबूत झोप लागली पाहिजे

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ किसनराव, अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. येत्या डिसेंबरात ते स्कॉटलंडमधल्या जुरा नावाच्या बेटावर पाठीवर सामान घेऊन चार दिवस चालणार आणि तीन रात्री उघड्या रानात तंबूत झोपणार, ही बातमी वडनेरच्या बसस्टँडवर पोहोचली. चहावाल्याने मला थांबवून विचारलं, "अबे आदेश, तुह्या मोठ्या बापाचं घरी भांडण झालं का?"

भांडण झालं नव्हतं. त्यांची मुलगी सुरभी ग्लासगोला पाण्याच्या इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेते. डिसेंबरात तिला पदवी मिळणार, म्हणून मोठेबाबा आणि मोठीआई जयवंता या दोघांचा व्हिसा झाला होता. समारंभानंतर सुरभी तिच्या एका मैत्रिणीबरोबर जुराला चालायला जाणार होती. तेवढे दिवस आईबाबांनी तिच्या खोलीत हिटर लावून बसायचं, असं ठरलं होतं.

पण एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती सहज बोलून गेली, की त्या बेटावर माणसं दोनशेच्या आसपास आणि हरणं पाच हजारांवर आहेत.

मोठेबाबा वांग्याचं क्रेट बांधत होते. त्यांचे हात थांबले. "पाच हजार? आन् पिकं?"

"पिकं नाईत बाबा. गवत हाय, दगडं हायेत आन् चिखल."

"म्हंजे हरणं खुल्ले फिरतेत आन् कोनाचं काईच नुकसान नाई?"

"नाई."

"मी येतो," मोठेबाबा म्हणाले. "असा गाव पाह्यल्याबिगर मी मरत नाई."

आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं शेतात काय करतात हे ज्याने पाहिलंय, त्याला हा आनंद समजेल. मोठेबाबा पुढचे दोन दिवस भेटेल त्याला तेच सांगत होते. पाच हजार! कुंपण नाही!

सुरभीने त्यांच्या पायांबद्दल शंका घेतली नाही. पाऊस असो की चिखल, भाजीचं पोतं खांद्यावर टाकून शेताच्या अरुंद धुऱ्यावरून तोल न जाता जाणारा माणूस तो. थंडीचीही त्यांना भीती नव्हती. तिची शंका वेगळीच होती.

"बाबा, खरं सांगा. तुमी उघड्या शेतात कधी झोपले का?"

मोठीआई आतून ओरडली, "एकदाबी नाई!"

आमच्या भागात हिवाळ्यात शेतकरी जागलीला जातात. हरभरा आणि भाजी राखायची म्हणून रात्र मचाणावर काढायची, दर थोड्या वेळाने डबा वाजवायचा, आरोळी द्यायची. शेजारच्या शेतातून उलट आरोळी आली की समजायचं, तोही जागा आहे. मोठेबाबा बत्तीस वर्षं हेच करत आलेत. घरी ते मेल्यासारखे झोपतात. पण डोक्यावर छप्पर नसलं, की त्यांच्या डोळ्यांना मिटायचं माहीतच नाही.

"थितं दिवस साताठ तासाचा असते," सुरभी म्हणाली. "बाकी सगळा अंधार. तीन रात्री जागून तुमी दलदलीतून चाललात तं चवथ्या दिवशी तुमाले उचलून कोन आणन? मी?" मग तिने अट घातली. वीस नोव्हेंबरच्या आत तंबूत एक रात्र, सलग सहा तास झोप. झाली तर बोटीचं तिकीट त्यांच्या नावाचं. नाही झाली तर हिटरजवळ बसायचं.

मोठेबाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. डोंगर चढायचा असता तर ते चढले असते. झोपायचं कसं, याची मेहनत कशी करायची?

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि हिंगणघाटला शेती अवजारांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, त्यामुळे तयारीचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी सामानाच्या वजनाचा तक्ता केला. त्यातून लोखंडी तवा खोडला, मोठीआईने तो परत लिहायला लावला, मी परत खोडला. तंबू मागवला. आणि झोप मोजायला माझं स्मार्ट घड्याळ मोठेबाबांच्या मनगटावर बांधलं.

पहिल्या रात्री तंबू हरभऱ्याच्या कोपऱ्यात, विहिरीजवळ लावला. सकाळी मी मोबाईलवर आकडे पाहिले. झोप एकेचाळीस मिनिटं. पावलं नऊ हजार दोनशे बारा.

"मोठेबाबा, तंबूत नऊ हजार पावलं कशी झाली?"

"पाच डुकरं आलते," ते प्रसन्नपणे म्हणाले. "पार नाल्यापलीकडे सोडून आलो त्याइले."

"आणि ती एकेचाळीस मिनिटं?"

"थ्या वक्ताले घड्याळ काढून ठेवलं होतं. हाताले खाजत होतं."

म्हणजे तीही घड्याळाची झोप. तंबूत रात्रभर त्यांचा कुत्रा झोपला होता, आणि त्याची तक्रार नव्हती.

मी विचार केला, दोष कानांचा आहे. पानं वाजली की हे उठतात. जुरावर वारा इतका असतो, की पानांचा आवाज येणारच नाही. मग वारा इथेच आणला तर? आमच्या वर्कशॉपमध्ये एका बागायतदाराचा ब्लोअर दुरुस्तीला आला होता. ट्रॅक्टरमागे लावतात तो, मोठ्या पंख्याचा, संत्र्याच्या झाडांवर औषध मारणारा. दुरुस्तीनंतर त्याची चाचणी घ्यावीच लागते. आमचे मिस्त्री हिरालालभाऊ म्हणाले, "चाचणी कोठीबी घेता येते," आणि रविवारी दुपारी ट्रॅक्टर थेट मोठेबाबांच्या शेतात घेऊन आले.

मोठेबाबा तंबूत आडवे झाले. सुरभी व्हिडिओ कॉलवर होती. मी हात वर केला. हिरालालभाऊंनी पंखा सुरू केला.

सकाळीच त्या तुकड्याला पाणी दिलेलं होतं, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. ओल्या काळ्या मातीतून खुंट्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या. तंबू फुगला, एका कुशीवर वळला आणि मोठेबाबांना पोटात घेऊन सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यांवरून लोळत गेला. आतून आवाज येत होता, पण तो ओरडण्याचा होता की हसण्याचा, ते कळेना. तंबू तुरीला जाऊन अडकला. चेन उघडली आणि मोठेबाबांचं डोकं बाहेर आलं.

"हिरालाल! आणखी एक डाव!"

"सगळा सांभार लोळवला हो!" मोठीआई धावत आली. "म्हाताऱ्याले पाळण्यात बसवता का रे तुमी?"

पण मोठेबाबांना आता थांबवणं शक्य नव्हतं. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली की ती वाऱ्याने उडू नये म्हणून आम्ही पोत्यांत दगड भरून पोती अर्धी गाडतो आणि दोर त्यांना बांधतो. त्यांनी तंबूला तेच केलं, वीस मिनिटांत. पंखा पुन्हा सुरू झाला. तंबू थरथरला, पण जागचा हलला नाही. कॉलवर सुरभीची मैत्रीण टाळ्या वाजवत होती. तिकडे खुंट्यांऐवजी हेच करू, असं ती म्हणत होती.

"बाबा, तंबू पास," सुरभी म्हणाली. "झोप?"

झोप शून्य. एवढी मजा आल्यावर कोण झोपणार?

अठरा तारीख उजाडली. आणखी दोन रात्री वाया गेल्या होत्या. मोठेबाबांनी गरम दूध पिऊन पाहिलं, कानात कापूस घातला. आता ते हरणांबद्दल बोलत नव्हते. वांगी तोडताना मध्येच म्हणाले, "हिटरबी बरा असन म्हना." मला त्यांच्याकडे बघवेना. मी तक्ता उघडून उगाच त्यात पाहत बसलो.

मोठीआई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "तुह्या यंत्रानं नाई होणार आदेश. त्याइले झोप येत नाई असं नाई. त्याइची पाळी कोनी घेत नाई."

"म्हणजे?"

"बत्तीस वर्सं एकटेच जागतेत. दुसरा जागा हाय हे दिसल्याबिगर डोळा कसा लागन? आज मी बसतो मचाणावर."

मोठेबाबा म्हणाले, "तू? डुकरं आले तं?"

"पाह्यतो मी डुकराइले."

त्या रात्री काय झालं ते मला दोन ठिकाणांहून कळलं. एक मोबाईलवरून. झोप सहा तास बावन्न मिनिटं, सलग. पावलं चार. दुसरं गावाकडून. मोठीआईची आरोळी पार पुलापर्यंत ऐकू आली होती, आणि तीन शेतांतले जागलीवाले सकाळी विचारत होते, की काल किसनरावांचा आवाज एवढा बारीक आणि एवढा खतरनाक कसा झाला.

मोठेबाबा अंगणात उभे होते, गालावर तंबूच्या शिवणीचा ठसा घेऊन. "अबे, सकाळच झाली!" एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

कॉल लावला. सुरभीने आकडे पाहिले, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली, "हे तं चिटिंग हाय. जुरावर आई कोठून आणू? आन् थितं राखाचं काय हाय बाबा? पीक नाई, काई नाई."

"तू असशीन नं," मोठेबाबा म्हणाले.

सुरभीने नाक पुसलं आणि हसत म्हणाली, "मंग पहिली पाळी माही. पण मी दमून झोपून गेली तं?"

"म्हनून तं म्हनतो," मोठीआईने माझ्या हातातून मोबाईल घेतला. "तिसरं नाव टाक. मी हिटरजवळ बसून का करू? मले बी पाह्यचे हायेत थे हरणं."

"आई! थंडी किती असते माहीत हाय का?"

"रात्रभर मचाणावर कोन होतं? तू होती का?"

"आन् इकडे शेतात जागलीले कोन जाईन?"

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मोठीआईने पाहिलं. स्क्रीनवरून सुरभीनेही पाहिलं. मी म्हणालो, माझी ड्युटी नऊला असते. हिरालालभाऊ सुट्टी देत नाहीत. मला डुकरांची भीती वाटते. यातलं एकही कारण कोणाला पटलं नाही, कारण तोपर्यंत सुरभी बोटीच्या तिकिटावर नावं भरू लागली होती आणि आईच्या पासपोर्टचा नंबर मागत होती. तो कपाटातून मलाच काढून आणावा लागला.

"झालं," ती म्हणाली. "माह्या मैत्रिणीसकट चौघं."

मोठेबाबांनी इतक्या जोरात हुर्र केलं, की झाडावरचे बगळे उडाले. मोठीआईने मोबाईल तोंडाजवळ धरून विचारलं, "सुरभे, लुगड्यावर चालतेत असे बूट थितं भेटतेत, का हिंगणघाटातूनच घेऊन येऊ?"