चाचांची लाकडी होडी

दुबईच्या खाडीत लाकडी होडी चालवणारे चाचा मूळचे मुरूडकडचे. अकरा वर्षं दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी आम्ही घरचे चौघं त्यांच्याच होडीतून फिरतो, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. वीस माणसं झाली की एकविसाव्याला ते घेत नाहीत. सुकाणू पायाने फिरवत दर फेरीला जुना धक्का दाखवतात, "आमचे आजोबा गलबतातून इथंच उतरले." मुलं हसतात, "चाचा, अगेन?"

काल म्हणाले, "मालक उद्यापासून मला एसी बोटीवर घालतोय. जाऊ, की गावाला परतू?"

"जा की. उन्हातून सुटाल," मी म्हणालो.

"तेही खरं." चाचांनी भर खाडीत इंजिन बंद केलं. "जरा पाणी ऐकतो, साहेब. तिथं काचा बंद असतात."

मागून कोणीतरी अरबीत घाई करत ओरडलं, "यल्ला, चाचा!"

मी वळून त्याला म्हणालो, "रुको भाई, दो मिनट."