घड्याळजींचा अँटेना

घरातली कुठलीही वस्तू बिघडली की घड्याळजी म्हणायचे, "मी बघतो." एवढं ऐकलं की त्यांची बायको कपाळाला हात लावायची. घड्याळं ते झकास दुरुस्त करायचे, त्याबद्दल वाद नाही. पण घरातला मिक्सर, इस्त्री किंवा नळ, त्यांच्या बघण्यातून काहीच सहीसलामत सुटलं नव्हतं.

आता पाळी टीव्हीची होती. आणि दिवस कुठला, तर संध्याकाळी सहाला महिला मंडळाच्या कार्यक्रमात बायकोचं गाणं लागणार होतं तो! रेकॉर्डिंगच्या दिवशी "टीव्हीवर बघेन की" म्हणून घड्याळजींनी दुकान काही सोडलं नव्हतं. बायकोने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. आज गाणं चुकलं असतं तर त्यांची धडगत नव्हती.

पडद्यावर चित्राचे नुसते चौकोन चौकोन होत होते. घड्याळजींनी चॅनेल पुन्हा शोधून पाहिले. मग सिग्नल वाढवणारा बूस्टर आणून जोडला, तर होतं नव्हतं तेही चित्र गेलं. शेवटी बूस्टर काढून, पाना घेऊन ते गच्चीवर चढले आणि जुन्या सवयीने अँटेना गरागरा फिरवू लागले.

"आलं का?"

"आलं! अहो, गेलं!" बायको खालून ओरडली.

पूर्वीच्या टीव्हीवर मुंग्या कमीजास्त व्हायच्या, त्यावरून अंदाज यायचा. हा नवा डिजिटल प्रकार मोठा मानी. अँटेना थांबवून जरा वाट पाहिली तरच चित्र यायचं, आणि बायकोचं "आलं" वर पोचेपर्यंत घड्याळजी पुढे निघून गेलेले असायचे. दुकानात भिंग लावून तासन्‌तास बसणाऱ्या या माणसाला घरी मात्र क्षणाचा धीर नव्हता.

"बोटभर हलवा आणि थांबा! गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा काटा असा फिरवता का?"

हे त्यांना बरोबर लागलं. बोटभर हलव, थांब, असं करत एकदाचं चित्र आलं. हात सोडला तर गेलं. केबलचा जोड सैल झाला होता. केबल उचलून धरली तरच चित्र टिकायचं. आणि सहा तर वाजतच आले होते.

"मी धरतो. तू बघ," घड्याळजी हुतात्म्याच्या आवाजात म्हणाले.

बायको तरातरा वर आली. "मी मलाच काय बघू? द्या इकडे. व्हा खाली!"

खाली पडद्यावर सगळ्या बायका रांगेत उभ्या होत्या. मग त्यांतून बायको एकटी पुढे आली आणि गायला लागली. घड्याळजी उभेच राहिले. भांड्यांच्या आवाजात तिचं गुणगुणणं त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांना भरून आलं.

"दिसतंय का?" वरून हाक आली. "अहो, दिसतंय का?"

घड्याळजींच्या तोंडून शब्द फुटेना. चित्र गेलं असणार, असं समजून बायकोने नवऱ्याच्याच पद्धतीने अँटेना गरागरा फिरवला. तान अर्ध्यात तुटली.

ती धावत खाली आली, तर पडद्यावर तीच गोठलेली, तोंड उघडं, डोळे मिटलेले, अर्धा गाल चौकोनात गेलेला.

"अगंबाई! अशी दिसले मी?"

"अर्धंच झालं," घड्याळजी डोळे पुसत म्हणाले. त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "उरलेलं तू म्हण. मी ऐकतो."

बायकोने आधी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला आणि मगच सूर लावला.